सिस्टर टिकली तर दवाखाना टिकेल



लागणीच्या तारखा, उसाची बिले, ठिबकचे अनुदान आणि गाळपाचे आकडे हे विषय या पत्रिकेत नेहमी येतात, आणि ते यायलाच हवेत. या अंकात आम्ही जरा निराळा विषय घेतला आहे. तो आहे दवाखान्यातल्या सिस्टरचा. ती कामावर समाधानी असते का, ती इतकी का दमते, आणि दोन-तीन वर्षांत नोकरी सोडून का जाते, याचा.

"उसाचा आणि सिस्टरचा काय संबंध?" असे कुणी विचारील. संबंध जवळचा आहे. सहकारी साखर कारखानदारी नुसती साखरेची पोती भरून थांबली नाही. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेला पहिला सहकारी कारखाना सुरू झाला आणि १९७० च्या दशकात त्याच परिसरात, लोणीला, ग्रामीण रुग्णालय उभे राहिले. पुढे ठिकठिकाणी हेच घडले. कारखान्याच्या आधाराने ट्रस्ट निघाले, दवाखाने निघाले, नर्सिंगच्या शाळा निघाल्या. आज ऊसपट्ट्यातल्या कितीतरी घरांतल्या मुली ए.एन.एम., जी.एन.एम. किंवा बी.एस्सी. नर्सिंग करीत आहेत. म्हणजे सिस्टरशी आपले नाते तिहेरी आहे. आजारी पडलो की आपण तिचे पेशंट. घरची पोर शिकत असेल तर तिचे आईबाप. आणि सहकारी संस्थेचे सभासद म्हणून दवाखान्याच्या कारभाराबद्दल चार प्रश्न विचारण्याचा हक्क असलेले मालक.

पाळीचे गणित

पाळी म्हणजे काय हे साखर कारखान्याच्या माणसाला शिकवायला नको. चार ते बारा, बारा ते आठ, आठ ते चार. हंगामात बॉयलर विझत नाही आणि मिल थांबत नाही. पण एक गोष्ट आपण जाणतो. एका जागेवर अहोरात्र माणूस हवा असेल तर तीन माणसे पुरत नाहीत. आठवड्याचे तास होतात १६८. एक माणूस आठवड्याला ४८ तास काम करतो. भागून पाहा, साडेतीन माणसे लागतात. त्यात आजारपण, सण, लग्नकार्य धरले की चार तरी हवीतच. म्हणून कारखान्यात रिलीव्हर असतो.

आता दवाखान्यात या. बऱ्याच ठिकाणी सिस्टरची पाळी सकाळी आठ ते दुपारी दोन, दोन ते रात्री आठ, आणि रात्री आठ ते सकाळी आठ अशी असते. म्हणजे नाईट बारा तासांची. आणि नाईटलाच वॉर्डात सिस्टर सर्वांत कमी. सरकारी निकषांत परिचारिकांच्या संख्येवर रजेसाठी ३० टक्के जास्त जागा धरल्या आहेत. पण खर्च कमी करायचा झाला की पहिली कात्री याच राखीव जागांना लागते. मग एक सिस्टर आजारी पडली की दुसरीला "आजची डबल कर गं, उद्या बघू" असा निरोप जातो. उद्याही तेच होते.

ती बारा तासांत काय करते, हेही पाहू. पेशंटचा ताप, नाडी, श्वास, रक्तदाब मोजून चार्टवर लिहायचा. सलाईनचे थेंब बघायचे, संपत आलेली बाटली बदलायची. कुणाला किती पाजले आणि लघवी किती झाली याचा हिशेब ठेवायचा. वेळच्या वेळी इंजेक्शने, ड्रेसिंग, अंथरुणाला खिळलेल्याची कूस बदलणे. मध्येच अपघाताची केस येते. डॉक्टर राउंडला आले की त्यांच्याबरोबर फिरायचे. औषधांचा इंडेंट भरायचा, चादरी मोजायच्या, रजिस्टर आणि हल्ली संगणकाची नोंदही करायची. वर नातेवाइकांना उत्तरे द्यायची. कोणत्याही सिस्टरला विचारा, ती सांगेल की कामाचा कंटाळा येत नाही, काम अर्धवट टाकून पुढच्या खाटेकडे पळावे लागते त्याचा जीवाला त्रास होतो. म्हातारीला पाणी पाजायला दोन मिनिटे थांबायला हवे होते, थांबता आले नाही, हे घरी गेल्यावर डोक्यातून जात नाही.

होरपळ म्हणजे काय?

याला इंग्रजीत 'बर्नआऊट' म्हणतात. आपण होरपळ म्हणू. १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात काम करणाऱ्यांचे जे होत होते त्याला हे नाव दिले. मोठ्या उमेदीने आलेली माणसे काही महिन्यांत आतून रिकामी होत होती. पुढे १९८१ साली क्रिस्टीना मॅस्लॅक आणि सुझन जॅक्सन या दोघींनी ती मोजण्याची प्रश्नावली केली. त्यांनी तीन खुणा सांगितल्या. पहिली, मन थकून जाणे; झोप घेतली तरी हा थकवा उतरत नाही. दुसरी, माणसाकडे माणूस म्हणून बघणे सुटते. "आजोबा, कसे आहात?" च्या जागी "बारा नंबरचा पेशंट" येतो. तिसरी, आपल्या हातून काही भले होत नाही असे वाटू लागते. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही होरपळीची नोंद आपल्या यादीत केली. ती रोग म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणचा ताण नीट न हाताळल्याने होणारी अवस्था म्हणून केली. हा फरक महत्त्वाचा आहे. दोष सिस्टरच्या मनात शोधायचा नाही, कामाच्या व्यवस्थेत शोधायचा.

दुसरी खूण आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. "फार खेकसते हो ती सिस्टर!" असे म्हणून आपण मोकळे होतो. खेकसणे चांगले नाही, त्याचे समर्थन आम्ही करीत नाही. पण तीच मुलगी पहिल्या वर्षी कशी बोलत होती आणि चौथ्या वर्षी अशी का बोलते, हा प्रश्न कुणी विचारीत नाही. धुराड्यातून काळा धूर निघाला तर आपण धुराड्याला शिव्या देत नाही, खाली भट्टीत काय बिघडले ते बघतो.

मोजून पाहिलेली गोष्ट

हे नुसते कळवळ्याचे बोलणे नव्हे. याची मोजदाद झालेली आहे आणि ती अमेरिकेत झाली. पेनसिल्वेनिया राज्यातली १६८ रुग्णालये, दहा हजारांवर परिचारिका आणि शस्त्रक्रिया झालेले २ लाख ३२ हजारांवर रुग्ण यांचा अभ्यास लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केला. त्यात दिसले ते असे. सिस्टरच्या वाट्याला सरासरी एक पेशंट जादा आला की तिची होरपळ होण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढते, नोकरीबद्दल असमाधान १५ टक्क्यांनी वाढते, आणि पेशंट तीस दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते.

हा शेवटचा आकडा सभासदांनी लक्षात ठेवावा. सिस्टरची दमणूक हा तिचा घरगुती प्रश्न नाही. खाटेवर आपला बाप झोपलेला असतो.

अमेरिकेतल्याच कॅलिफोर्निया राज्याने १९९९ साली कायदा केला आणि २००४ पासून तो लागू केला. अतिदक्षता विभागात एका सिस्टरकडे दोनपेक्षा जास्त पेशंट द्यायचे नाहीत. साध्या वॉर्डात आधी सहा आणि २००५ पासून पाच, त्याच्या वर नाही. ते राज्य श्रीमंत आहे, हे खरे. आपल्याला एकदम पाच जमणार नाहीत. पण एका सिस्टरकडे रात्री किती पेशंट असावेत याला काही मर्यादा असावी, एवढे तरी आपण मान्य करायला हवे. उसाच्या गाडीवर किती टन भरायचे याला आपण मर्यादा मानतो. तिथे आटा तुटतो, इथे माणूस मोडतो.

पगार, बाँड आणि परदेश

आता पैशाचे बोलू. काही खासगी रुग्णालये मुलींकडून बाँड लिहून घेत, मूळ प्रमाणपत्रे कपाटात ठेवून घेत आणि मधेच नोकरी सोडली तर रक्कम मागत. याविरुद्ध २०११-१२ च्या सुमारास केरळात आणि मुंबई-दिल्लीतही परिचारिका रस्त्यावर उतरल्या. पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. २९ जानेवारी २०१६ च्या निकालानंतर केंद्राने समिती नेमली. समितीने शिफारस केली ती अशी. दोनशेवर खाटा असलेल्या खासगी रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतका पगार द्यावा. शंभर ते दोनशे खाटांच्या ठिकाणी तो त्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त कमी नसावा, पन्नास ते शंभरच्या ठिकाणी पंचवीस टक्क्यांहून जास्त कमी नसावा. पन्नासपेक्षा लहान दवाखान्यातही महिन्याला किमान २० हजार रुपये मिळावेत. अंमलबजावणी राज्यांवर सोपवण्यात आली. केरळने २०१८ साली किमान वेतनाची अधिसूचना काढली. आपल्या भागात कोणत्या दवाखान्यात काय मिळते, ते ज्याने त्याने आपल्या लेकीला विचारावे.

सरकारी नोकरीतही सारे आलबेल नाही. मे-जून २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयांतील परिचारिका कंत्राटी भरतीच्या विरोधात संपावर गेल्या होत्या. कंत्राटाचे दुखणे उघड आहे. एकाच वॉर्डात, एकाच पाळीत, एकच काम करणाऱ्या दोघींपैकी एकीला पूर्ण पगार आणि दुसरीला त्याचा काही हिस्सा. दुसरीला पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हेही ठाऊक नसते.

मग ती बाहेर बघते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२३ साली जगात सुमारे २ कोटी ९८ लाख परिचारिका होत्या आणि आणखी ५८ लाख कमी पडत होत्या. दर सातांतली एक परिचारिका परदेशात जन्मलेली आहे. आखात, ब्रिटन, आयर्लंड, जर्मनी इथे आपल्या मुलींना मागणी आहे. मुलगी जात असेल तर तिला अडवू नये. तिच्या कष्टाला मोल मिळते आहे, आईबापांचे कर्ज फिटते आहे, यात वाईट काही नाही. पण जी जाते ती नुसती पैशासाठीच जाते, हे म्हणणे अर्धे खरे आहे. मे २०२० मध्ये, कोविडच्या ऐन भरात, कोलकात्याच्या खासगी रुग्णालयांतून मणिपूर आणि इतर राज्यांतल्या तीनशेवर परिचारिका राजीनामा देऊन गावी परतल्या. गावी काही जादा पगार वाट बघत नव्हता. माणूस जीव धोक्यात घालायला तयार असतो, पण त्याच्या जिवाची किंमत कुणाला तरी आहे असे त्याला दिसावे लागते.

समाधान कुठून येते?

१९५९ साली फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन अभ्यासकाने एक साधी गोष्ट मांडली. पगार, जागा, वरिष्ठांची वागणूक या गोष्टी वाईट असल्या की माणूस नाराज होतो. त्या सुधारल्या की नाराजी जाते, पण तेवढ्याने समाधान येते असे नाही. समाधान येते ते कामातून, कामाची दखल घेतली गेल्याने आणि जबाबदारी मिळाल्याने. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर पाणी नसेल तर ऊस वाळतो, पण नुसते पाणी पाजून साखर उतारा वाढत नाही. पाणी हवेच, त्याशिवाय बाकीचेही हवे.

याचे मोठे उदाहरण आपल्या मुंबईत आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी के.ई.एम. रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर तिथल्याच एका कर्मचाऱ्याने अमानुष हल्ला केला. त्या पुन्हा शुद्धीवर आल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. मधली जवळजवळ ४२ वर्षे त्याच रुग्णालयातल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले. भरवले, न्हाऊ घातले, अंगाला अंथरुणाची जखम होऊ दिली नाही. हल्ल्याच्या वेळी जन्मल्याही नव्हत्या अशा मुलींनी पुढे ही सेवा केली. त्यासाठी कुणाला जादा भत्ता नव्हता. परिचारिका मनापासून काय करू शकते हे त्यात दिसते. आणि तिच्या कामाच्या जागी तिची सुरक्षा किती कमी असू शकते, हेही त्याच घटनेत दिसते. महाराष्ट्रात २०१० पासून रुग्णालयातील कर्मचाऱ्यांवर हात उगारणे हा अजामीनपात्र गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पेशंटबरोबर ट्रॉलीमागे जाणाऱ्या प्रत्येकाने हे माहीत करून घ्यावे.

आता दुसरे उदाहरण पुन्हा अमेरिकेचे. १९८० च्या सुमारास तिकडे परिचारिकांची मोठी टंचाई होती. त्या काळातही काही रुग्णालयांत मात्र परिचारिका येत आणि टिकत. असे का, हे तिथल्या नर्सिंग अकादमीने शोधायला घेतले. १६३ रुग्णालये तपासून त्यांतली ४१ निवडली आणि १९८३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. लोहचुंबकासारखी माणसे ओढून धरणारी म्हणून त्यांना 'मॅग्नेट' हे नाव पडले. तिथे काय आढळले? मेट्रन वॉर्डात फिरणारी आणि सिस्टरची बाजू व्यवस्थापनापुढे मांडणारी होती. वॉर्डात माणसे पुरेशी होती. पाळ्या लावताना घरची अडचण विचारली जात होती. पुढे शिकायला वाव होता. आणि डॉक्टर सिस्टरचे ऐकून घेत होते. "या पेशंटचे लक्षण मला बरे दिसत नाही," असे सिस्टरने म्हटले तर तिला गप्प बसवले जात नव्हते. यातल्या निम्म्या गोष्टींना फारसे पैसे लागत नाहीत.

खोडव्याचा हिशेब

नव्या सिस्टरची भरती म्हणजे लागण आणि जुनी टिकवणे म्हणजे खोडवा, असे आम्ही मानतो. लागणीला नांगरट, बेणे, मजुरी सारे नव्याने लागते. खोडव्याला तो खर्च वाचतो, पण त्याची निगा ठेवावी लागते. पाचट कुजवा, बगला फोडा, वेळेवर खत द्या, मग खोडवाही चांगला येतो. आपल्यातले पुष्कळ जण खोडव्याकडे दुर्लक्ष करतात आणि मग "खोडव्यात काही राम नाही" म्हणतात. दवाखान्यांचे नेमके हेच होते. तीन-चार वर्षे शिकून आलेली मुलगी पहिले सहा महिने वॉर्ड समजून घेण्यात घालवते. कुठली शीर कुठे सापडते, कुठला पेशंट कधी ढासळतो, हे तिच्या हाताला आणि डोळ्याला पुढच्या दोन वर्षांत कळू लागते. आणि नेमके तेव्हाच तिला जाऊ दिले जाते, कारण नवी मुलगी कमी पगारात मिळते. जमाखर्चात बचत दिसते. गेलेला अनुभव जमाखर्चात कुठेच दिसत नाही.

आपण काय करायचे?

सांगायचे तात्पर्य, सिस्टर सेवेला कंटाळून जात नाही. सेवा नीट करता येत नाही म्हणून जाते. ती नीट करता यावी यासाठी सभासदांच्या हातात काही गोष्टी आहेत.

१) आपण ज्या ट्रस्टच्या किंवा संस्थेच्या दवाखान्याशी जोडलेले आहोत, त्याच्या सभेत तीन प्रश्न विचारा. रात्रपाळीला एका सिस्टरकडे किती पेशंट असतात? रजेसाठी राखीव सिस्टर किती? गेल्या वर्षात किती जणी सोडून गेल्या आणि का? इमारतीचा रंग आणि यंत्रांची किंमत याबरोबर हे आकडेही अहवालात छापले जावेत असा आग्रह धरा.

२) राहायला सुरक्षित खोली, रात्री ये-जा करायला दवाखान्याची गाडी, लहान मूल असलेलीला पाळणाघर आणि पाळीचा तक्ता महिनाभर आधी. या चार सोयी झाल्या तर बाळंतपणानंतर नोकरी सोडणाऱ्या कितीतरी जणी परत येतील.

३) गावच्या उपकेंद्रातल्या नर्सबाईला विसरू नका. निकषाप्रमाणे सपाटीवर पाच हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र असते. लसीकरण, गरोदर बायांची तपासणी, नोंदवह्या हे सारे तिच्या अंगावर असते. हंगामात ऊसतोड टोळ्यांच्या कोप्यांवर जाऊन ती लहान पोरांना डोस पाजते. तिच्या क्वार्टरला पाणी, दिवा आणि धड दार असावे, हे ग्रामपंचायत करू शकते.

४) पेशंटला बघायला वीस जण जाऊ नका. एक माणूस थांबवा, त्यानेच विचारपूस करावी. "ओ बाई" म्हणून हाक मारू नका, "सिस्टर" म्हणा. पेशंट बरा होऊन निघताना डॉक्टरांना पेढे देतोच, जाता जाता सिस्टरलाही दोन शब्द बोला. त्याला खर्च नाही.

५) मुलगी नर्सिंगला घालताना नुसती फी विचारू नका. कॉलेजला जोडलेले रुग्णालय आहे का, तिथे खरोखर पेशंट असतात का, नोकरीच्या वेळी बाँड लिहून घेतात का, हे पाहून मगच सही करा.

गळीत हंगाम संपला की आपण मिल उघडतो, रोलर काढतो, झिजलेले भाग बदलतो. दुरुस्तीच्या खर्चाला कुणी उधळपट्टी म्हणत नाही, कारण पुढचा हंगाम त्यावर चालायचा असतो. दवाखान्याला बंद हंगाम नसतो. तिथली दुरुस्ती काम चालू असतानाच करावी लागते. येत्या सर्वसाधारण सभेत ट्रस्टच्या अहवालाचा विषय निघेल, तेव्हा वरचे तीन प्रश्न कुणीतरी उभे राहून विचारावेत, एवढीच आमची सभासदांना विनंती आहे.